साडेतीन नंबर

नंबर हा शब्द इंग्रजी आहे हे मला पाचवीत कळलं. तोवर तो मला आमच्या मळ्यातलाच वाटत होता, खुरपं, घेवडा, पाटी यांच्यासारखा. बाईंनी फळ्यावर त्याचं स्पेलिंग लिहिलं. मला ते दिसलं नाही, शेजारणीच्या वहीत बघून मी ते उतरवलं, त्याचं कारण पुढे येईलच. अर्थ मात्र ऐकू आला, नंबर म्हणजे संख्या. हा अर्थ मला फारच तोकडा वाटला. आमच्या घरात उठल्यापासून निजेपर्यंत हा शब्द चालायचा आणि त्यात संख्या क्वचितच असायची. गिरणीत नंबर लावायचा म्हणजे दळणाचा डबा रांगेत ठेवून खुशाल घरी यायचं. माणूस नसलं तरी डब्याचा नंबर कोणी मोडत नसे. कालव्याच्या पाण्याचा नंबर आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, हातातला घास ताटात ठेवून उठायचे. भरीत जमून आलं की ते नुसतं 'एक नंबर' म्हणायचे, त्याच्या पुढे कौतुक नसायचं. ज्याच्या घरी पैसा कुठून येतो ते कळत नसे तो माणूस दोन नंबरवाला. शेजारच्या मळ्यातली थोरली नर्सिंगला गेली तेव्हा तिचा नंबर लागला म्हणून सगळ्या वाटेवर पेढे वाटले गेले. आणि एखादी म्हातारी गेली की तिच्या बरोबरीच्या बाकीच्या ओट्यावर बसून विचारायच्या, आता पुढचा नंबर कुणाचा गं. त्यात भीती असायची, पण थोडी थट्टाही असायची.

आता त्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांच्या वयाची मी झाले आहे. माझी नात मला फोनवरचे नंबर ब्लॉक करायला शिकवते. मी तिला सांगते, आमच्या वेळी नंबर ब्लॉक व्हायचा तो मुलीचा, आणि तोही चष्म्याने. तिला हे कळत नाही. तिला स्वतःला सहावीपासून चष्मा आहे आणि ती दर वर्षी नवी फ्रेम मागते. तिला एकदा सगळं सांगायला बसले, पण ती उठून गेली, म्हणून इथे लिहिते.

आमचा मळा नाशिकला मखमलाबादच्या रस्त्याला होता. आज तिथे इमारती आहेत आणि एका इमारतीच्या तळमजल्यावर, गंमत म्हणजे, चष्म्याचंच दुकान आहे. तेव्हा तिथे टोमॅटो, फ्लॉवर, मेथी आणि दसऱ्याच्या अंदाजाने लावलेला झेंडू असायचा. घर विटांचं, बैठं, समोर पत्र्याची शेड. टोमॅटोचा तोडा झाला की दुपारनंतर आम्ही सगळे त्या शेडमध्ये पोत्यांवर बसायचो आणि मालाचे नंबर काढायचो. कडक, गोल, देठाशी जरासा हिरवा असलेला एक नंबर. वेडावाकडा किंवा ओठ फुटल्यासारखा दिसणारा दोन नंबर. तीन नंबर घरात आमटीला, आणि त्यातूनही उरला तर म्हशीला. कच्च्या टोमॅटोच्या पानांचा तो उग्र वास हातांना रात्रीच्या भाकरीपर्यंत पुरायचा. बोटं हिरवी-काळी व्हायची आणि साबणाने जायची नाहीत, त्यांना पिकलेला टोमॅटोच चोळावा लागायचा. रेडिओ खुंटीला अडकवलेला असायचा, बाजारभाव सुरू झाले की अण्णा हात वर करायचे आणि आम्ही गप्प व्हायचो. मी नंबर काढण्यात पटाईत होते. प्रत्येक फळ नाकाजवळ नेऊन बघायची. आई म्हणायची, वास काय घेतेस गं प्रत्येकाचा.

अण्णांची खोकी भरण्याची एक रीत होती. तेव्हा लाकडी खोकी असायची. लोक खोक्याच्या तोंडाला निवडक माल लावायचे आणि खाली दोन नंबर दडपायचे. सगळेच करायचे, आणि आडत्यांनाही ते माहीत असायचं, म्हणून ते कोपरापर्यंत हात घालून तळ उपसून बघायचे. अण्णा उलटं करायचे. एखादं फळ डागी आहे असं वाटलं तर ते बरोबर वर, मधोमध ठेवायचे. आईला याचा फार राग होता. ती म्हणायची, पोरीसारखी पोर खपत नाही तिचं तोंड झाकल्याशिवाय, आणि तुम्ही टोमॅटोची अब्रू चव्हाट्यावर मांडता. अण्णा हसायचे. त्यांच्या खोक्यात आडते हात घालत नसत एवढं खरं, भाव मात्र इतरांएवढाच यायचा.

नववीत एक नव्या बाई आल्या. त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवून फळा वाचायला सांगितला. मी म्हटलं, कुठला फळा. वर्ग हसला. त्यांनी अण्णांना शाळेत बोलावलं, आणि पुढच्या बाजाराला माल उतरवून झाल्यावर अण्णा मला त्याच टेम्पोतून द्वारका चौकाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथेही नंबर होताच, पत्र्याचा बिल्ला हातात धरून आम्ही बसलो. डॉक्टरांनी काचा बदलून बदलून बघितल्या आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांना साडेतीन. चष्मा तयार झाला त्या दिवशी मी तो दुकानातच घातला आणि रस्त्यावर आले. द्वारकेला तेव्हाही गर्दी असायची, मुंबईकडे आणि आग्र्याकडे जाणारे ट्रक एकमेकांच्या अंगावर भोंगे वाजवत. मला ट्रकच्या पाठीवरची अक्षरं दिसली. पलीकडच्या फुटपाथवर एक बाई पोराला रागावत होती, तिचे दात दिसले. कडुनिंबाला सुटी सुटी पानं होती. अण्णांनी विचारलं, "दिसतंय का?" मी म्हटलं, "लय दिसतंय." घरी येताना चामर लेण्याच्या डोंगरावर झाडं आहेत हे मला कळलं. मी तोवर तो डोंगर सपाट निळा समजत होते. मला इतका आनंद झाला होता की आईला दाखवायला मी शेडपर्यंत पळत गेले.

आईने पहिला प्रश्न विचारला, "नंबर किती?" साडेतीन म्हटल्यावर ती खोक्यावर बसली. आमच्याकडे पोरीला नंबर लागला असं म्हणायचे, पोरीला दृष्ट लागली म्हणतात त्याच सुरात. मला राग येतो तो या गोष्टीचा की आई वाईट नव्हती. तिच्या मामेबहिणीचं ठरलेलं लग्न चष्म्यावरून मोडलेलं तिने बघितलं होतं. ती म्हणाली, शाळेत घाल, मळ्याच्या फाटकात आली की काढ, आणि कोणी विचारलं तर वाचायचा आहे म्हण. एक मूल झालं की मग सासरी सांगू, बाळंतपणात डोळे गेले म्हणून. तिने सगळा विचार केलेला होता. चष्मा तिने साखरेच्या डब्यामागे ठेवायला जागा करून दिली. दोनेक वर्षं तो सकाळी तिथून निघायचा आणि संध्याकाळी तिथे जायचा. चष्मा लावून मी आमचं घर नीट बघितलंच नव्हतं.

अकरावी झाली आणि स्थळ आलं. मुलगा पेठला कचेरीत नोकरीला, घरची जमीन, घरात तो आणि आई, आणि सगळा कारभार बघणारे चुलते. मला डी.एड.ला जायचं होतं, बारावी झाली की तिथे नंबर लागेल असे माझे मार्क होते. पण स्थळ चांगलं होतं आणि घरात कोणी मला विचारलं नव्हतं, तेव्हाची रीतच ती. मदतीला म्हणून अण्णांची थोरली बहीण कळवणहून आली. तिला सगळे आक्का म्हणायचे, आम्ही आत्या. आत्याची कामं नीटनेटकी म्हणून नावाजलेली. तिच्या स्वयंपाकघरात मिठाची वाटी जिथे ठेवली तिथेच वर्षानुवर्षं असायची आणि कोणी ती बोटभर हलवली तरी ती चिडायची. आईला तिचा धाक होता. मला वाटायचं, आत्या शिस्तीची आहे.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी आईने मला चष्म्याशिवाय पोह्यांच्या बशा घेऊन चालून दाखवायला सांगितलं आणि मी पहिल्याच फेरीला उंबऱ्याला अडखळले. आई कपाळाला हात लावून मागच्या अंगणात गेली. आत्या म्हणाली, "तू जा, मी शिकवते तिला." मग तिने मला समोर बसवलं. "उंबरा पायानं चाचपायचा. वाकून बघायचं नाय, वाकलं की लोकांना कळतं. माणसं जागेवरनं वळखायची. तुमच्यात खुर्ची एकच हाय, तिच्यावर बसंल तो थोरला. त्याच्या पाया आधी पडायचं. पोरगं खाली सतरंजीवर बसणार. आन् कुणाकडं बघून हसायचं नाय. हसलीस आन् तो भलताच निघाला म्हंजे?" मी विचारलं, तांदूळ निवडायला दिले तर. "ताट पार जवळ घ्यायचं. लोक म्हणतात, बाई किती मन लावून निवडती."

मी म्हटलं, "आत्या, तुला गं हे सगळं कसं माहीत?"

ती तेव्हा माझ्या साडीला निऱ्या घालून बघत होती. तिने हात थांबवले नाहीत. "माझं लगीन असंच झालं. तुझ्या आज्यानं कुणाला कळू दिलं नाय. मग पुढं चष्मा मागायचा कसा? मागितला असता तर बापानं फसवून दिली असं झालं असतं."

"मामांना माहीत नाही?" आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो.

"कुणालाच नाय. सवय होती. तुला बी होईल."

हे तिने मला धीर द्यायला म्हटलं. आयुष्यात मी अनेकदा घाबरले आहे, पण त्या दुपारइतकी क्वचितच. तोवर मला वाटत होतं की प्रश्न एका दिवसाचा आहे, पाहुणे गेले की चष्मा साखरेच्या डब्यामागे सापडेल. आता मला समोर दिसलं की उद्या होकार आला तर मला जन्मभर मिठाच्या वाटीची जागा पाठ करून राहावं लागेल, आणि पाखरं, डोंगर, रस्त्यापलीकडची बाई हे सगळं पुन्हा पुसलं जाईल. मी आईजवळ रडले. आई म्हणाली, "आक्कांचा झालाच ना संसार." आत्याबद्दल तिला सगळं माहीत होतं, बायकांना असलं माहीत असतं. अण्णांना मात्र माहीत नव्हतं.

पाहुणे सकाळी जीप करून आले. मी आतून आवाज ऐकत होते. एक जाड पुरुषी आवाज, एक बाईचा बारीक, आणि खोकणारा एक. बशा घेऊन मी उंबरा पायाने चाचपून ओलांडला, पोहे सांडले नाहीत, आणि सरळ खुर्चीपाशी जाऊन खुर्चीत बसलेल्या पांढऱ्या शर्टाच्या पाया पडले. पाय एकदम वर उचलले गेले. मग सगळी खोली हसली. झालं होतं असं की चुलत्यांना खुर्चीत बसायची सवय नव्हती. ते भिंतीला टेकून सतरंजीवर ऐसपैस बसले होते आणि नव्या पॅंटची इस्त्री मोडू नये म्हणून मुलाला त्यांनी खुर्चीत बसवलं होतं. मी नवऱ्या मुलाच्याच पाया पडले होते. त्याची आई म्हणाली, "अगं, त्याला अजून वेळ हाय." चुलते म्हणाले, पोरगी वळणाची दिसते. म्हणजे ज्या चुकीने सगळं उघडं पडायला हवं होतं तिनेच मला पसंत करून टाकलं. मी तिथेच, बशी हातात घेऊन, खचले.

मग तांदूळ झाले, ते मी ताट नाकाशी धरून मन लावून निवडले. पेपरातला मजकूर वाचून दाखवला, जवळचं मला कुणापेक्षाही चांगलं दिसायचं. मुलाच्या आईने ओटीत नारळ घालू का अशा नजरेने दिराकडे बघितलं असणार, कारण चुलते म्हणाले, "मग बैठकीचं आजच ठरवू. पोरी, त्या कॅलेंडरवर बघ गं जरा, येत्या गुरुवारी तिथी कोणती?" कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं. मला तांबडा-पांढरा चौकोन दिसत होता. मी उभीच राहिले. आई दारातून खोकली. तेवढ्यात कॅलेंडरखालीच बसलेली आत्या मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाली, "एकादशी."

"एकादशी कशी?" चुलते म्हणाले. "परवा तर होऊन गेली. उपास धरला होता की मी."

अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, ते त्यांच्या बहिणीकडे बघत होते. लहानपणी शाळेच्या वाटेवर आत्या त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू धरून चालायची, हे त्यांनी मला पुढे सांगितलं. त्यांना वाटत होतं की लग्नानंतर तिचे डोळे आपोआप सुधारले. मग ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. पोरीला चष्मा हाय. साडेतीन नंबर, दोन्ही डोळ्यांना. मला डाग वर ठेवून माल द्यायची सवय हाय, आज तेवढी मोडली होती. रंजे, चष्मा घालून ये."

मी आत गेले. आई साखरेच्या डब्यासमोर उभी होती आणि हलेना. मी हात घालून चष्मा काढला आणि बाहेर आले. माझ्या संतापाबद्दल इथे लिहिलं पाहिजे. अण्णांनी मला वाचवलं हे आज सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण त्या क्षणी मला फक्त डाग हा शब्द ऐकू येत होता. मला म्हणायचं होतं की मी टोमॅटो नाही आणि चष्मा हा डाग नाही, ते माझ्या अंगावरचं सगळ्यात चांगलं काही आहे. म्हटलं नाही. खोलीत मात्र मी चष्म्यातून एकेकाकडे नीट बघितलं. मुलगा बरा होता, जरा भित्रा. तो त्याच्या आईकडे बघत होता आणि त्याची आई जमिनीकडे. चुलते अण्णांना म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलं. कळवतो." पोहे खाऊन झालेलेच होते. नारळ पिशवीतून निघाला नाही.

जीपचा आवाज गेल्यावर आई बाहेर आली. "झालं समाधान? आता सगळ्या नाशकात होईल, यांच्या पोरीला नंबर हाय. झाकलं असतं तर काय बिघडलं असतं? आक्कांचं झाकलंच ना?" आणि मग तिलाच कळलं ती काय बोलली ते.

अण्णा आत्यासमोर सतरंजीवर बसले. "आक्का, तुला अजून दिसत नाय?"

"दिसतं की. जवळचं दिसतं."

"मला वाटलं डोळे सुधारले तुझे."

"डोळे कुठं सुधारतात, नामा. आपण सुधारायचं."

अण्णा म्हणाले, उद्या माझ्याबरोबर द्वारकेला चल. आत्या चिडली. या वयात चष्मा घालून मी कळवणला उतरू का, लोक काय म्हणतील, आणि घरात काय सांगू, माझ्या बापानं तुम्हाला फसवलं हे सांगू? तिचा आवाज चढला तसा कापायलाही लागला. मी तिला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. अण्णा म्हणाले, "बाप गेला. त्याला आता कोण जाब विचारणार? कुणी विचारलाच तर मी हाय." बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तिथं नंबर लावाया लागंल का आधी?" तिचा होकार असाच असायचा.

तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या खुणांचा तक्ता लावला आणि ती हाताने दिशा दाखवत गेली. नंबर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता बाई. आत्या म्हणाली, संसार. चष्मा आला त्या दिवशी तिने तो घालून आधी दुकानदाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग अण्णांकडे. अण्णांकडे खूप वेळ बघितलं. म्हणाली, "नामा, तू बापासारखा दिसाया लागलास." अण्णा बाहेर जाऊन उभे राहिले.

पेठच्या पाहुण्यांकडून मध्यस्थामार्फत निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती. आई अण्णांशी बरेच दिवस बोलली नाही, पण चष्मा आता साखरेच्या डब्यामागे ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं, नाशकात सगळ्यांना कळलंच होतं. मी तो घरात घालायला लागले आणि आमच्या छताला किती जाळी आहेत ते आईला दाखवलं. ती म्हणाली, एवढंच दिसलं का. बारावीनंतर डी.एड.ला माझा नंबर लागला तेव्हा पेढे तिनेच वाटले. पुढे माझं लग्नही झालं, चष्म्यासकट, ते इथे सांगत नाही.

आत्याला कळवणला सोडायला मी गेले. दिंडोरी गेली, वणी गेली. ती सगळा वेळ खिडकीला नाक लावून बसली होती. सप्तशृंगीचा डोंगर आला तेव्हा तिने हात जोडले आणि म्हणाली, हा एवढा जवळ असतो व्हय. दर वर्षी ती तिथे चढून जायची. मला वाटलं, आता ती कोणाला घाबरत नाही. पण कळवणची घरं लागली तशी तिने चष्मा काढला, पदराच्या टोकात बांधला आणि गाठ मारली. मला तिथे बोलायचा हक्क नव्हता. सासर तिचं होतं आणि गाठही.

स्टँडवर उतरलो. मामा घ्यायला येणार होते. मला ते पार पलीकडच्या टोकाला, टपऱ्यांजवळून येताना दिसले. मी म्हटलं, "आत्या, ते बघ मामा." ती म्हणाली, "कुठं?" आणि मग तिने मुकाट्याने पदराची गाठ सोडली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. मी पिशवी उचलली तर तिने माझा हात धरला. "थांब. येऊ दे त्यांना तिथून हितपर्यंत. या माणसाला मी कधी लांबून येताना बघितलं नाय." मामा गर्दीतून वाट काढत आले. त्यांचं धोतर गुडघ्यापाशी मातीने भरलेलं होतं आणि ते चालताना एका बाजूला वाकायचे. आत्या हलकेच म्हणाली, "केवढे वाकलेत गं."

मामा जवळ आले आणि थांबले. "हे काय शे?"

"चष्मा."

"कव्हा लागला?"

"लग्नाच्या आधीपास्नं नंबर हाय. बापानं सांगू दिलं नाय. मी बी सांगितलं नाय."

अण्णा तिथे असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. मामांनी दोघींकडे बघितलं, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि चालायला लागले. आम्ही मागून. बाजार संपला, नदीवरचा पूल आला. पुलावर ते थांबले, पण वळले नाहीत.

"मंग मी बांधावरनं हात करायचो ते?"

"कव्हा?"

"नवी आली होती तू, तव्हा. भाकरी घेऊन यायची ना दुपारची. मी लांबून हात करायचो. तू सरळ खाली बघत चालायची. मला वाटायचं, नाशिकची पोर हाय, हिला शेतकऱ्यानं हात केलेला आवडत नसंल. मंग सोडून दिलं."

आत्या म्हणाली, "मी वाट बघायची. दगड बघायची." एवढंच. घरी जेवताना बोलणं झालं ते भाजीत मीठ कमी आहे एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाकरीची पाटी घेऊन आत्या शेतावर निघाली, तिच्याबरोबर मी. उन्हात तिचा चष्मा चमकत होता आणि वाटेतल्या दोन बायका तिच्याकडे वळून बघत होत्या, तिने त्यांना नावाने हाक मारली. बैलजोडी सोडलेली होती. मामा लांब बांधावर उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, शेजारच्या वावरात कोणी नाही याची खात्री केली, आणि पाखरं हाकल्यासारखा हात जरासा वर केला. आत्याने डोक्यावरची पाटी उतरवली, वाटेवर ठेवली, आणि आपला हात वर केला.